चारशेव्या दिवशी हे मशीन चालेल का?

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणारे भाऊ नागपूरचेच, सहा-सात मित्रांनी मिळून छोटा ट्रस्ट केलाय, त्यातल्या एकाची बहीण आफ्रिकेतल्या मलावीत एका जिल्हा हॉस्पिटलला मुलांची डॉक्टर आहे आणि तिच्या वॉर्डाला यांना १० ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी मशीनं) पाठवायचेत. तीन कोटेशन आलीत, तिघांकडे आयएसओ आणि युरोपचं सीई ही सर्टिफिकेटं आहेत, ब्रोशरवरचे आकडे जवळपास सारखे, किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट. तर भाऊंनी विचारलंय की यातलं सगळ्यात चांगलं मशीन कोणतं आणि स्वस्तातलं घेतलं तर चालेल का.

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, २४ वर्षं झाली. सुरुवातीची वर्षं धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी हॉस्पिटलांत गेली आणि नंतरची गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटातली ग्रामीण रुग्णालयं फिरण्यात. मलावीलाही दोनदा जाऊन आले, एकदा तीन महिने, एकदा पाच आठवडे, दोन्ही वेळा बंद पडलेली मशीनं चालू करायलाच. त्यामुळे जे सांगते ते तिथे हात काळे करून शिकलेलं आहे, पण तुमचं हॉस्पिटल मी पाहिलेलं नाही, म्हणून जिथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे तिथे तसं स्पष्ट सांगेन.

पहिल्या दिवशी तिन्ही मशीनं चालतील, त्याची काळजी नको. मी स्वतःला नेहमी एकच प्रश्न विचारते, चारशेव्या दिवशी काय होईल? एक वर्षाची वॉरंटी संपून महिना झालाय, ट्रेनिंग घेतलेली नर्स बदली होऊन गेलीय, एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा मशीनवरून गेलाय, आणि रात्री दोन वाजता न्यूमोनियाचं आठ महिन्यांचं बाळ आलं. त्या वेळी त्या नळीतून खरोखर ऑक्सिजन येईल का? बाकी सगळी तपासणी मी या एका प्रश्नावरून मागे मागे येत करते.

हे उगाच म्हणत नाही. २०११ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून एक अभ्यास आला, १६ देशांतल्या १ लाख १२ हजार मशीनांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तर ३८ टक्के बंद. आणि हे आफ्रिकेचंच दुखणं आहे असं समजू नका, आपल्या केंद्र सरकारनं बायोमेडिकल देखभाल कार्यक्रमासाठी २९ राज्यांत मोजणी केली तेव्हा साडेसात लाखांवर मशीनं मोजली गेली आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के बंद निघाली. ड्यूकच्याच रॉबर्ट माल्किन यांचा २०१० चा अभ्यास तर मी प्रत्येक ट्रेनिंगला सांगते: गरीब देशांतल्या ६० हॉस्पिटलांतली २,५२९ बंद मशीनं, त्यातली १,८२१ म्हणजे ७२ टक्के तिथल्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू वापरूनच चालू झाली, बाहेरून एक स्पेअर आणावा लागला नाही. आणि कशामुळे बंद होती? दुरुस्त झालेल्यांतला चौथा हिस्सा तर नुसता नीट बसवलं नाही किंवा वापरणाऱ्याला शिकवलं नाही म्हणून. बाकी नळ्या, वायरी, पॉवर सप्लाय, नटबोल्ट. म्हणजे मशीन मरतं ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी मरतं, आणि ती साधी कारणं कोटेशनच्या तक्त्यात कुठेच नसतात.

मलावीतल्या पहिल्या महिन्यातली एक गोष्ट सांगते. मुलांचा वॉर्ड, एकेका खाटेवर दोन-दोन बाळं, आया खाली चटईवर. भिंतीशी कॉन्सन्ट्रेटर चालू, घरघर येतेय, हिरवा दिवा लागलेला, फ्लोमीटरची (मिनिटाला किती वायू वाहतोय ते दाखवणाऱ्या नळीची) गोळी बरोब्बर २ लिटरच्या रेषेवर. कोणीही बघितलं तर म्हणेल मशीन ठणठणीत आहे. माझ्याजवळ मुठीएवढा ऑक्सिजन ॲनालायझर असतो, तो नळीला लावला, आकडा चढत चढत ५४ टक्क्यांवर येऊन थांबला. परत लावला, परत ५४. चांगल्या मशीनमधून ९० च्या वर यायला पाहिजे. मागची फिल्टरची जाळी काढली तर स्पंज तांबड्या धुळीनं इतका भरलेला की तो मूळचा काळा होता हे धुतल्यावर कळलं. धुतला, वाळवला, परत बसवला, तासाभरानं ७६. उरलेलं नुकसान आतलं होतं, ते धुऊन निघणारं नव्हतं. ते बाळ किती दिवस अर्ध्या ऑक्सिजनवर होतं कोण जाणे, आणि नर्सचं त्यात काहीच चुकलं नव्हतं, गोळी रेषेवर होती, दिवा हिरवा होता, तिला अजून काय दिसणार?

हे का होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो, कॉम्प्रेसरनं दाबतो आणि झिओलाइट नावाच्या दाण्यांच्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीनं सोडतो. झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतं, ऑक्सिजन पुढे जातो. फिल्टर बंद झाला की हवा कमी पडते, कॉम्प्रेसर तापतो, पुरेसा दाब तयार होत नाही. आणि झिओलाइटला ओलावा अजिबात चालत नाही, दमट हवेत मशीन महिनोन् महिने बंद ठेवलं तरी दाणे हळूहळू कामातून जातात. म्हणून "जास्तीचं एक स्टोअरमध्ये ठेवू" हा विचार इथे उलटा पडतो, पाळीपाळीनं सगळी चालवत राहावी लागतात. मुख्य गोष्ट ही की गोळी फक्त किती वायू वाहतोय ते सांगते, त्यात ऑक्सिजन किती आहे ते सांगत नाही. ते सांगायला मशीनच्या आत वेगळा सेन्सर लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या तांत्रिक निकषांत हे साफ लिहिलंय, ऑक्सिजन ८२ टक्क्यांच्या खाली गेला की मशीननं ओरडून सांगितलं पाहिजे. त्या वॉर्डातल्या मॉडेलला तो सेन्सरच नव्हता. स्वस्त मॉडेलमध्ये पैसे वाचवायला पहिली कात्री बहुतेक इथेच लागते. तुमच्या तीन कोटेशनांत सगळ्यात आधी हे बघा, आणि सेन्सर नसेल तर ते कोटेशन बाजूला ठेवा, मग किंमत काहीही असो.

आता परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते सांगते. यावर थोडं रेंगाळणार आहे कारण लोक हे मशीन घेतल्यानंतर विचारतात.

सगळ्यात आधी डॉक्टर ताईंना विचारा की हॉस्पिटलला ऑक्सिजन प्लांट आहे का, सिलेंडर येतात का, किती दिवसांनी येतात. कोरोनानंतर बऱ्याच देशांत प्लांट बसलेत. प्लांट नीट चालत असेल आणि पाइपलाइन मुलांच्या वॉर्डापर्यंत येत असेल तर तुमचे पैसे कदाचित कॉन्सन्ट्रेटरवर जायलाच नकोत. दुसरं, एका वेळी ऑक्सिजनवर किती मुलं असतात? मोठ्या माणसाच्या हिशोबानं विचार करू नका. नवजात बाळाला मिनिटाला अर्धा ते एक लिटर पुरतो, त्याहून मोठ्या तान्ह्याला एक ते दोन. म्हणजे ५ लिटरच्या एका मशीनला फ्लो स्प्लिटर (ऑक्सिजन वेगवेगळ्या नळ्यांत वाटून देणारा भाग) लावला तर चार-पाच लहान बाळं त्यावर राहतात. वॉर्डात एका वेळी १२ बाळं असतील तर १० मशीनं लागत नाहीत, चार चांगली मशीनं, चार स्प्लिटर आणि उरलेल्या पैशांत बाकीचं सगळं येतं. यात धोका एवढाच की एक मशीन बंद पडलं की एकदम चार बाळांचा ऑक्सिजन जातो, म्हणून भरलेला सिलेंडर शेजारी पाहिजेच. सात हजार लिटरचा मोठा सिलेंडर ५ लिटरनं २३ तास जातो, हा हिशोब भिंतीवर लिहून ठेवायला सांगा.

तिसरी गोष्ट लाईट. मलावीची बहुतेक वीज शिरे नदीवरच्या धरणांतून येते. जानेवारी २०२२ मध्ये ॲना वादळाच्या पुरात कपिचिराचं १३० मेगावॅटचं वीजकेंद्र बंद पडलं आणि देशाची मोठी वीज एका फटक्यात गेली. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, दिवसाला ८ युनिटच्या वर. दहा मशीनं म्हणजे साडेतीन किलोवॅट सतत, त्या वॉर्डाची वायरिंग तेवढी झेलते का, जनरेटरच्या लाईनवर मुलांचा वॉर्ड आहे की फक्त ऑपरेशन थिएटर, डिझेलला पैसे कोण देतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेळघाटातल्या एका रुग्णालयात सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, हे लावलं का आख्ख्या वॉर्डाची लाईट जाते, मग बंदच ठेवून राहिलो नं." मशीन नवंकोरं होतं, आणि सहा महिने कोपऱ्यात.

प्लगचंही सांगून टाकते, छोटी गोष्ट वाटेल पण नाही. मलावीत २३० व्होल्टच आहे, आपल्यासारखं, त्यामुळे मशीन जळण्याची भीती नाही (२०२१ च्या लाटेत आपल्याकडे ११० व्होल्टची दान आलेली मशीनं लोकांनी सरळ बोर्डात लावली होती, एका ठिकाणी मी पोचेपर्यंत धूर निघून गेला होता). पण तिकडचा प्लग चपट्या तीन पिनांचा, आत फ्यूज असलेला, आपल्या गोल पिना तिथे जातच नाहीत. कंपनी म्हणेल ॲडॅप्टर देतो. ॲडॅप्टर आठवडाभरात मोबाइल चार्जिंगला जातो आणि मग कोणीतरी प्लग कापून दोन वायरी सॉकेटमध्ये काडीनं दाबून बसवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, खाली फरशी पुसलेली ओली, अर्थिंगची वायर हवेत लोंबतेय आणि शेजारी ऑक्सिजन. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, आपण विदर्भातली माणसं ते विसरू शकत नाही. मी तेव्हापासून मशीनच्या आधी सॉकेट बघते. तर ऑर्डरमध्येच लिहून घ्या, तिकडचा मोल्डेड प्लग कारखान्यातून बसवून पाहिजे, आणि प्रत्येक मशीनला व्होल्टेज स्टॅबिलायझर.

सर्टिफिकेटबद्दल जास्त लिहीत नाही. आयएसओ १३४८५ हे कारखान्याच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, तुमच्या हातातल्या मशीनचं नाही. सीईच्या चिन्हाशेजारी चार आकडी नंबर असला पाहिजे आणि सर्टिफिकेटवर तुमचंच मॉडेल लिहिलेलं असलं पाहिजे, पुष्कळदा तिथे कंपनीचं भलतंच मशीन असतं. आयएसओ ८०६०१-२-६९ हा कॉन्सन्ट्रेटरचाच स्टँडर्ड आहे, त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, नुसतं पहिलं पान नाही, पूर्ण. जो विक्रेता दोन दिवसांत पूर्ण रिपोर्ट पाठवतो त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही. आणि मलावीच्या औषध नियामक संस्थेकडून आयातीची परवानगी कशी घ्यायची ते ताईंच्या हॉस्पिटलकडून आधी विचारून ठेवा, नाहीतर माल बंदरात अडकतो.

आता प्रत्यक्ष तपासणी. तिघांकडून डेमो पीस मागवा, जो देत नाही तो गेला. नागपूरचा मे महिना यासाठी देवानं दिलेला आहे. माझ्या एका मित्राची हिंगणा एमआयडीसीत पत्र्याची शेड आहे, तिथे मी मशीन ७२ तास सलग चालवते. निकषांत ४० डिग्रीपर्यंत चाललं पाहिजे असं आहे, शेडमध्ये दुपारी त्याच्या वरच असतं, आणि मलावीच्या दक्षिणेला शिरे नदीच्या सखल खोऱ्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असाच जीवघेणा उकाडा असतो. पहिल्या तासाला, मग २४, ४८ आणि ७२ तासांनी ऑक्सिजन मोजायचा, १ लिटरवर, ३ वर आणि ५ वर. पुष्कळ मशीनं ३ वर ९४ दाखवतात आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ५ वर ८० ला येतात. मग मागचा फिल्टर कापडानं हळूहळू झाकायचा आणि बघायचं की ऑक्सिजन पडल्यावर अलार्म वाजतो का, किती वेळानं वाजतो. प्लग ओढून बघायचा, लाईट गेल्याचा अलार्म येतो का. आवाज मोजायचा, ५० डेसिबलच्या वर गेला तर रात्रपाळीला ते मशीन कोणीतरी बंद करणार किंवा दाराबाहेर ढकलणार.

आणि मग मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी परीक्षा. ग्रामीण रुग्णालयातली एक सिस्टर बोलावते, जिनं हे मॉडेल कधी पाहिलं नाही. पुस्तक देत नाही, सांगत काही नाही. फक्त म्हणते, याचा फिल्टर काढून धुऊन परत लावा. आणि घड्याळ बघत बसते. मागच्या वर्षी तीन मॉडेल होती. पहिल्याला ४० सेकंद लागले. दुसऱ्याला दोन मिनिटं. तिसरं सगळ्यात महागडं, दिसायला फार सुंदर, त्याचं झाकण त्या दहा मिनिटं चाचपत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "मॅडम, हे तर निघूनच नाही राहिलं, पेचकस लागते का?" स्क्रूड्रायव्हर लागतच होता, तोही वेगळ्या तोंडाचा. ते मशीन मी तिथेच बाजूला ठेवलं. ज्या फिल्टरला पेचकस लागतो तो फिल्टर चारशेव्या दिवसापर्यंत एकदाही धुतला जात नाही, आणि मग काय होतं ते वर सांगितलंच.

तुम्ही विचारलं नाही, पण एक गोष्ट मी सोडणार नाही. ऑक्सिमीटरशिवाय, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राशिवाय, कॉन्सन्ट्रेटर पाठवू नका. कोणत्या बाळाला ऑक्सिजन पाहिजे आणि कोणाचा आता काढता येईल हे नुसतं बघून कळत नाही, चांगल्या चांगल्या डॉक्टरांनाही नाही, मुलांमध्ये ९० टक्क्यांच्या खाली गेलं की द्यायचा हा नियम मोजल्याशिवाय पाळता येत नाही. पापुआ न्यू गिनीमध्ये पाच हॉस्पिटलांत कॉन्सन्ट्रेटर, पल्स ऑक्सिमीटर आणि ट्रेनिंग हे तिन्ही एकत्र दिलं, त्याचा अभ्यास २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, न्यूमोनियाच्या मुलांचा मृत्युदर ४.९७ टक्क्यांवरून ३.२२ वर उतरला. तिथे नुसती मशीनं टाकून कोणी गेलं नव्हतं, म्हणून तो आकडा मी विश्वासानं सांगते. ऑक्सिमीटर बोटाला लावायचा खेळण्यासारखा नको, हातात धरायचा, लहान मुलांचे आणि नवजाताचे वेगवेगळे प्रोब असलेला पाहिजे, आणि प्रोब जास्तीचे घ्या, पहिला तुटतो तो प्रोबच. आणि हेही विचारा की सावळ्या-काळ्या त्वचेवर त्याची चाचणी झालीय का. २०२० च्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ऑक्सिमीटरनं ठीक दाखवलेल्या काळ्या रुग्णांपैकी ११.७ टक्के जणांच्या रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी होता, गोऱ्यांमध्ये हेच ३.६ टक्के होतं. मलावीसाठी घेताय तर हा प्रश्न पहिल्या पानावर पाहिजे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटीशी ज्यांचं घराणं जोडलेलं आहे त्या अमेरिकेतल्या सर्जन डॉ. अतुल गवांदे यांच्या पुढाकारानं २०११ मध्ये लाइफबॉक्स ही संस्था सुरू झाली, ऑपरेशन थिएटरसाठी परवडणारे ऑक्सिमीटर पोचवायला, आणि त्यांनी सोबत ट्रेनिंगही दिलं. खरेदीचा तो नमुना बघण्यासारखा आहे.

ज्यांना वाटतं की गरीब देशाला दुय्यम चालेल त्यांच्यासाठी मलावीचंच उदाहरण देते. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलमध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या डॉक्टर-नर्सेसबरोबर स्वस्त बबल सीपॅप (नाकातून सतत हलक्या दाबानं हवा देऊन बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र) वापरून पाहिलं, त्याच्या पहिल्या नमुन्यात तर माशांच्या टाकीचे हवेचे पंप होते. २०१४ मध्ये निकाल छापून आला, श्वास लागलेली नवजात बाळं नुसत्या ऑक्सिजनवर ४४ टक्के वाचत होती, याच्यावर ७१ टक्के. स्वस्त होतं, पण जिथे वापरायचं त्याच वॉर्डात, वापरणाऱ्यांच्याच हातात तपासलेलं होतं. आपल्या गडचिरोलीतही बंग डॉक्टर दांपत्यानं हेच दाखवलं, गावातल्या बायांना शिकवलं, बाळाला ऊब द्यायला साधी स्लीपिंग बॅग दिली, १९९९ मध्ये लॅन्सेटला त्यांचं काम छापून आलं तेव्हा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्यामुळे स्वस्त या शब्दाला मी घाबरत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, आधी हॉस्पिटल समजून घ्या, मग मुलं मोजा, मग लाईट, मग सेन्सर-अलार्म, मग ७२ तासांची परीक्षा आणि सिस्टरची परीक्षा. किंमत त्यानंतर.

किंमत कशी बघायची? मी कधीच मशीनच्या किमतीला मशीनची किंमत म्हणत नाही. उदाहरणादाखल धरा, एक मशीन ४५ हजाराचं आणि दीड वर्ष चाललं, म्हणजे महिन्याला २,५०० रुपये पडले. दुसरं ८५ हजाराचं, वर्षाला ६ हजाराचे फिल्टर-स्पेअर धरून सहा वर्षं चाललं, एकूण १ लाख २१ हजार, महिन्याला १,६८० च्या आसपास. महाग कोणतं झालं? पण उलटंही होतं, महागड्या मशीनचं सॉफ्टवेअर पासवर्डनं बंद केलेलं असतं, साधा अलार्म रिसेट करायला कंपनीचा इंजिनिअर लागतो, आणि तो बसलाय जोहान्सबर्गला. म्हणून कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहून मागा: सर्व्हिस मॅन्युअल, म्हणजे वापरायचं पुस्तक नाही तर दुरुस्तीचं, पासवर्डसकट, पाच वर्षांच्या स्पेअरची एकेक करून किंमत, फिल्टर, कॉम्प्रेसरची सील किट, व्हॉल्व्ह, फ्यूज, सेन्सर, आणि मलावीत किंवा शेजारी कोण दुरुस्त करणार त्या माणसाचा पत्ता, कंपनीच्या वेबसाइटचा नाही. मलावीला समुद्र नाही, माल मोझांबिकच्या बेइरा-नाकालातून किंवा दार-एस-सलामहून ट्रकनं येतो, एका ३०० रुपयांच्या सीलसाठी तीन महिने मशीन पडून राहिलेलं मी पाहिलंय. स्पेअर मशीनबरोबर त्याच खोक्यात गेले पाहिजेत.

आणि तिथला माणूस. मलावीच्या आरोग्य खात्यात मशीनांसाठी पॅम नावाचा विभाग आहे, जिल्हा हॉस्पिटलला त्यांचा तंत्रज्ञ असतो. ताईंना सांगा की त्याला आत्ताच या बोलण्यात घ्या, माल पोचल्यावर नाही. मी गेले तेव्हा ज्या तंत्रज्ञाबरोबर काम केलं त्याच्याकडे मल्टिमीटर स्वतःचा होता, ॲनालायझर नव्हता, म्हणजे मशीनमधून ऑक्सिजन येतोय का हे मोजायची त्याला सोयच नव्हती. परत येताना माझा ॲनालायझर मी त्याला देऊन आले. तो अजूनही व्हॉट्सॲपवर महिन्याला आकडे पाठवतो, ९३, ९१, ९४, एखादं ८५ ला आलं की फोटो टाकून विचारतो, मॅडम हे काय असेल. तो वॉर्ड चालतोय तो त्याच्यामुळे. तेव्हा तुमच्या बजेटमध्ये एक ॲनालायझर त्याच्या नावानं धरा, वर्षाला दोन दिवसांचं ट्रेनिंग धरा, आणि दहाची सहा मशीनं झाली तरी हे कापू नका.

स्वस्तातलं चालेल का, तर वरच्या परीक्षांतून पार झालं आणि सेन्सर असला तर नक्की चालेल, मी स्वतः असं एक घेतलेलं आहे आणि ते आता पाचव्या वर्षात आहे. पण कोटेशनचे फोटो बघून मी तिघांतलं एक नाव सांगणार नाही, ते बरोबर होणार नाही. तुम्ही असं करा, आज ताईंना चार प्रश्न पाठवा: एका वेळी ऑक्सिजनवर जास्तीत जास्त किती मुलं असतात, आठवड्यात लाईट किती तास जाते, वॉर्डात चालू सॉकेट किती आणि अर्थिंग आहे का, आणि तंत्रज्ञाचा नंबर. सॉकेटचे आणि मीटरच्या बोर्डाचे फोटोही मागवा. उत्तरं आली की इथेच खाली टाका. डेमो पीस आले की मला कळवा, एप्रिल संपायच्या आत आले तर उत्तम, शेड आहे, ॲनालायझर आहे, आणि फिल्टर काढून बघायला सिस्टर यायला तयार आहेत.